अर्काइव्हमध्ये लेख चुकीच्या महिन्यात पडतोय, किंवा दिसतच नाही? स्टॅटिक साइटसाठी तपासणीचा क्रम

नागपुरातल्या काही लहान संस्थांच्या साइट मी सांभाळते. महालातलं एक वाचनालय आहे, धरमपेठेतला एक नाट्यगट आहे, एका शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. सगळ्या साइट स्टॅटिक. मागे डेटाबेस नाही, दरमहा सर्व्हरचं भाडं नाही. लेखाची एक साधी फाइल टाकायची आणि जेकिल, ह्यूगो किंवा इलेव्हन्टी यांपैकी एक साधन तिच्यातून तयार पानं बनवतं. याच कामाला बिल्ड म्हणतात. वर्ष आणि महिन्याप्रमाणे लावलेली जुन्या लेखांची यादी, म्हणजे अर्काइव्ह, तीही त्यातच बनते. ही यादी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी कुठेतरी घसरते आणि फोन येतो, "ताई, लेख काहून दिसून नाही राहिला?"

इतक्या वेळा हे दुरुस्त केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: बिघाड बहुतेक वेळा अर्काइव्हच्या पानात नसतो, लेखावर लिहिलेल्या तारखेत असतो. यादी तारीख जशी मिळेल तशी लावते. म्हणून टेम्पलेटला, म्हणजे पानाच्या साच्याला, हात सगळ्यात शेवटी. आधी तिथे खुडबुड केली तर एका चुकीच्या दोन होतात आणि मग मूळ कोणती ते सापडत नाही.

लक्षणं

तुमच्या साइटवर यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी कागदावर लिहून घ्या.

- लेख टाकला, पण यादीत नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी काहीही न बदलता साइट पुन्हा बिल्ड केली की दिसतो.
- लेख एक दिवस आधीच्या तारखेला दिसतो. पहिल्या तारखेचा असेल तर मागच्या महिन्यात, १ जानेवारीचा असेल तर मागच्या वर्षात.
- सगळ्या लेखांवर एकच तारीख, आणि ती शेवटच्या डिप्लॉयची, म्हणजे साइट सर्व्हरवर चढवल्याची.
- तारीख "१ जानेवारी ०००१".
- महिन्यांच्या यादीत एप्रिल सगळ्यात वर, मग ऑक्टोबर, मग ऑगस्ट.
- गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे लेख एकाच "मार्च"खाली.
- यादीत नाव दिसतं, पण दाबलं की "पान सापडलं नाही".

आणि तपासणीला लागण्याआधी साइटच्या पूर्ण फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. गिट (फाइलींमधले बदल नोंदवणारं साधन) वापरत असाल तर आत्ताची स्थिती कमिट करून, म्हणजे नोंदवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केलं नसेल तर पुढे वाचू नका.

आधी फुकटातलं: पान ताजं आहे का, बिल्ड झाली का

खासगी खिडकी उघडून त्यात पान बघा, किंवा कंट्रोल आणि एफ-५ दाबा. ब्राउझरने जुनं पान जपून ठेवलेलं असतं. लेख तिथे असतो आणि आपण कालचीच यादी बघत बसतो.

मग बिल्ड. स्टॅटिक साइटची एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. बिल्ड अर्ध्यात थांबली तर साइट बंद पडत नाही, जुनी आवृत्ती तशीच उभी राहते. सगळं ठीक दिसतं, फक्त नवीन लेख नसतो. साइटच्या फाइली गिटहब या ऑनलाइन साठ्यावर असतील तर तिथल्या अॅक्शन्समध्ये, म्हणजे बिल्ड चालते त्या विभागात, जाऊन शेवटच्या नोंदीपुढे हिरवी खूण आहे की लाल फुली ते बघा. लाल असेल तर ती उघडा आणि चूक ज्या फाइलचं नाव सांगते ती फाइल आधी तपासा. पुष्कळदा प्रकरण इथेच संपतं.

तारखेची ओळ डोळ्यांनी वाचा, अक्षर अन् अक्षर

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त लक्ष लागतं. लेखाच्या फाइलवर तीन आडव्या रेघांच्या मध्ये जो मजकूर असतो, त्या फ्रंट मॅटरमध्ये तारखेची ओळ असते. चार गोष्टी बघा. पहिली रेघ फाइलच्या अगदी पहिल्या ओळीवर आहे का. "डेट"पुढच्या अपूर्णविरामानंतर एक जागा सोडली आहे का. ती नसेल तर यामलला (फ्रंट मॅटर ज्या पद्धतीने लिहितात ती) ती ओळ तारखेची आहे हेच कळत नाही. क्रम वर्ष, महिना, दिवस असा आहे का. आणि एक आकडी महिन्यापुढे शून्य आहे का.

क्रमाबद्दल आग्रह धरायला कारण आहे. ०३/०४/२०२४ हे आपल्याला तीन एप्रिल, पण जावास्क्रिप्ट त्याला चार मार्च समजते. वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम, आणि तो निव्वळ मजकूर म्हणून लावला तरी बरोबर लागतो. दिवस आधी लिहिला की १ तारखेनंतर १० तारीख येते आणि २ तारीख कुठेतरी खाली जाते.

आता मराठी साइटचा खास बिघाड. इंग्रजीत लिहिलेल्या मदतीच्या पानांवर हा सापडणार नाही, म्हणून इथे जरा थांबते. आपले लोक लेख मराठी कळफलकावर टाइप करतात आणि तारीख लिहिताना कळफलक बदलायचं राहून जातं. तारीख देवनागरी अंकांत पडते. संगणकाच्या लेखी देवनागरी शून्य आणि इंग्रजी शून्य ही दोन वेगळी अक्षरं आहेत, पण पडद्यावर ती जवळपास सारखीच दिसतात. दोन आणि तीनचंही पुष्कळ फॉन्टमध्ये तसंच. वाचनालयाच्या साइटवर २०२३ च्या एका लेखाने माझी पूर्ण दुपार खाल्ली होती. त्या वर्षाचे सगळे अंक दोन, शून्य आणि तीन एवढेच. मी ती ओळ दहा वेळा वाचली, दहाही वेळा ती मला बरोबरच वाटली. शेवटी ओळ पुसून इंग्रजी कळफलकावर पुन्हा टाइप केली आणि लेख जागेवर आला. तेव्हापासून तारखेचा संशय आला की मी वाचत बसत नाही, सरळ पुन्हा टाइप करते. (या लेखात मी मराठी अंक वापरते आहे. तुमच्या फाइलमध्ये तारीख इंग्रजी अंकांतच हवी.)

देवनागरी अंक फ्रंट मॅटरमध्ये असतील तर जेकिल आणि ह्यूगो दोन्ही तारीख चुकीची असल्याचं सांगून थांबतात, म्हणजे लाल फुली तरी दिसते. जेकिलमध्ये फाइलच्या नावातही तारीख असते, आणि तिथे हे अंक पडले तर ते फाइल मुकाट्याने सोडून देतं. बिल्ड हिरवी, लेख गायब. अशी फाइल शोधायची सोपी युक्ती: गिटहबवर लेखांचं फोल्डर उघडा आणि थेट तळाशी जा. देवनागरीने सुरू होणारी नावं इंग्रजी अंकांच्या खाली जमा झालेली असतात.

याच ओळीत मला तिथीही सापडली आहे. मारबतीच्या मिरवणुकीवरच्या लेखात एका काकांनी तारखेच्या जागी "भाद्रपद शुद्ध प्रतिपदा" लिहिलं होतं. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणून ते बरोबरच होतं. पण ही साधनं फक्त इंग्रजी दिनदर्शिका ओळखतात. तिथी वाचकाला दिसायला हवीच, म्हणून त्यांना "तिथी" नावाची वेगळी ओळ करून दिली. ती लेखाच्या शीर्षकाखाली छापली जाते आणि यादी लावायच्या कामात येत नाही.

आठवणींच्या लेखांचंही असंच होतं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरच्या आठवणी एका सभासदाने लिहून दिल्या आणि तारखेच्या ओळीत तोच दिवस टाकला. अर्काइव्हमध्ये १९५६ नावाचं नवं वर्ष उघडलं, त्यात एकच लेख. मुख्य पानावर तो कोणाला दिसला नाही, कारण सगळ्यात जुना म्हणून तो पार तळाशी गेला होता. तारखेची ओळ प्रकाशनाची. घटनेचा दिवस वेगळ्या ओळीत. हे संस्थेतल्या प्रत्येक लिहिणाऱ्याला एकदा बसून समजवा.

साडेपाच तासांचा प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये ही सगळ्यात जास्त वेळा येते. हिचे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींचा इलाज एकत्रच करावा लागतो.

पहिला प्रकार. तुम्ही दुपारी तीन वाजता लेख टाकता आणि तारखेपुढे १५:००:०० लिहिता. त्यापुढे काही नाही. जेकिल आणि ह्यूगो ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरतात. यूटीसीचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. बिल्ड होते तीन वाजून पाच मिनिटांनी, आणि तिच्या दृष्टीने तुमचा लेख अजून भविष्यातला आहे. भविष्यातले लेख ही साधनं आपणहून गाळतात. रात्री नवीन काही टाकलं आणि बिल्ड पुन्हा झाली की दुपारचा लेख अवतरतो, आणि सगळ्यांना वाटतं की साइट "कधी कधी" चालते.

खात्री करायची तर आपल्या संगणकावर जेकिल "फ्यूचर" हा पर्याय देऊन चालवा. लेख दिसला तर निदान झालं. ह्यूगोत "लिस्ट फ्यूचर" हा आदेश अशा फाइलींची यादीच देतो.

दुसरा प्रकार. वेळेपुढे +०५३० (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे भारतीय वेळ) बरोबर लिहिलेलं आहे, पण साइट कुठल्या वेळेवर चालते ते जेकिलच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहिलेलं नाही. मग जेकिल बिल्ड करणाऱ्या यंत्राचं घड्याळ घेतं. तुमच्या घरचं यंत्र भारतीय वेळेवर असतं, म्हणून घरी सगळं बरोबर दिसतं. गिटहबचं यंत्र यूटीसीवर असतं. नाट्यगटाच्या एका मुलीने नव्या वर्षाचा कार्यक्रम १ जानेवारीला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी टाकला. यूटीसीत तेव्हा ३१ डिसेंबरचे संध्याकाळचे ७ वाजून १० मिनिटं झाली होती. लेख मागच्या वर्षाच्या डिसेंबरात गेला, आणि पत्त्यातही मागचं वर्ष छापलं गेलं.

म्हणजे आपल्याकडे धोक्याची वेळ मध्यरात्र ते पहाटे साडेपाच. हे लक्षात ठेवा, कारण शोधल्यावर मिळणारी बहुतेक उत्तरं अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेली असतात. ते यूटीसीच्या मागे आहेत. नुसती तारीख लिहिली, वेळ नाही, तर त्यांच्याकडे ती आदल्या दिवसावर घसरते. आपण पुढे आहोत. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, त्याच दिवसाची. म्हणून वेळेची गरज नसेल तर आपल्यासाठी नुसती तारीख लिहिणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. त्यांचे तोडगे उचलले तर नसलेला बिघाड लागेल.

इलाज: कॉन्फिग फाइलमध्ये वेळेचा पट्टा "एशिया/कोलकाता" असा द्या, अर्थातच इंग्रजी अक्षरांत. जेकिल आणि ह्यूगो दोन्हींत त्यासाठी एक ओळ आहे. "एशिया/नागपूर" किंवा "एशिया/मुंबई" असं काही त्या यादीत नाही, अख्ख्या भारतासाठी एकच पट्टा आहे. स्पेलिंग नीट बघून घ्या. ह्यूगो चुकीचं नाव दिसलं की थांबतो, पण जेकिलमध्ये चुकीच्या नावावर यंत्र गुपचूप यूटीसी धरतं आणि आपण समजतो की इलाज केला आहे.

आणि इथेच लोक फसतात. पट्टा दिला, पण जुन्या फाइलींमध्ये वेळेपुढे +०५३० नाही. जेकिल त्या वेळा अजूनही यूटीसीच समजणार आणि मग भारतीय वेळेत बदलणार. संध्याकाळी साडेसहानंतरची वेळ लिहिलेले सगळे जुने लेख एका झटक्यात दुसऱ्या दिवशी जातील. एक ओळ बदलून चाळीस लेखांचे पत्ते बदललेले मी पाहिले आहेत. म्हणून पट्टा आणि +०५३० ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करा.

बदलाच्या आधी साइट एका फोल्डरमध्ये बिल्ड करा, बदलानंतर दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि दोन्हींतल्या फाइलींच्या नावांची तुलना करा. पत्त्यात तारीख असेल तर प्रत्येक सरकलेला लेख म्हणजे एक तुटलेला दुवा. व्हॉट्सअॅपवर लोकांनी पुढे पाठवलेले, छापील पत्रिकेत दिलेले दुवे तुम्हाला परत बोलावता येत नाहीत. अशा प्रत्येक लेखाला जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवा. ह्यूगोत "एलियासेस" ही सोय अंगचीच आहे, जेकिलसाठी "रिडायरेक्ट फ्रॉम" नावाचं प्लगइन आहे.

मुद्दाम पुढची तारीख दिली असेल तर

उद्याचा लेख आज टाकून ठेवला तर तो उद्या आपोआप उगवत नाही. स्टॅटिक साइटला तारीख उजाडल्याचं कळत नाही, कोणीतरी बिल्ड करावीच लागते. गिटहब अॅक्शन्समध्ये रोजची वेळ लावता येते, फक्त वेगळं काही सांगितलं नाही तर ती यूटीसी धरली जाते: रात्री १२ वाजून ५ मिनिटांसाठी १८:३५. सार्वजनिक रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या साइटच्या फोल्डरमध्ये) ६० दिवस काही हालचाल नसेल तर गिटहब ही ठरवलेली वेळ बंद करतं. उन्हाळ्यात कार्यक्रम नसतात, साइटला कोणी हात लावत नाही, आणि पावसाळ्यात पहिला लेख अडकतो.

सगळ्यांवर एकच तारीख

फाइलमध्ये तारखेची ओळच नसेल आणि नावातही तारीख नसेल तर इलेव्हन्टी फाइल तयार झाल्याची वेळ घेतं. गिट फाइलींच्या वेळा जपत नाही. सर्व्हरवर प्रत्येक वेळी नवी प्रत उतरते, आणि मग सगळे लेख "आजचे" होतात. ह्यूगोत त्याच चुकीचं रूप म्हणजे ०००१ सालची तारीख. दोन्हीकडे उपाय एकच, प्रत्येक फाइलमध्ये तारीख लिहा.

ह्यूगोत "शेवटचा बदल" गिटवरून घेत असाल आणि तोच सगळीकडे सारखा येत असेल, तर अॅक्शन्स फक्त शेवटचा कमिट उतरवत असतं. "फेच डेप्थ" शून्य करा, म्हणजे पूर्ण इतिहास उतरेल.

आता टेम्पलेट

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तरच.

एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी असा क्रम दिसतोय? तो वर्णमालेचा क्रम आहे. महिन्याच्या नावावर यादी लावली गेली आहे. लावायची ती आकड्यावर, नाव फक्त छापायला. दोन वर्षांचे मार्च एकत्र आले असतील तर गट करताना वर्ष घेतलेलं नाही. आधी वर्ष, त्याच्या आत महिना.

मराठी महिन्यांसाठी जेकिलमध्ये आपण बारा नावांची यादी करतो. यादीची मोजणी शून्यापासून असते, म्हणून पहिल्या महिन्याला थेट एक नंबरचं नाव मागितलं तर जानेवारीच्या लेखांवर फेब्रुवारी छापलं जातं आणि डिसेंबर रिकामा राहतो. इलेव्हन्टीत गंमत उलटी: तिथे जावास्क्रिप्ट महिनाच शून्यापासून मोजते, त्यामुळे एक वजा केलंत तर चुकाल.

ह्यूगोत तारखेचा नमुना म्हणून एक ठरलेलीच तारीख लिहावी लागते: २००६ सालचा जानेवारी, दिनांक २, वेळ ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. तिथे कोणी २००६ च्या जागी चालू वर्ष लिहिलं की सगळ्या गटांवर भलतेच आकडे येतात. नमुना जसाच्या तसा ठेवा.

जुने लेख यादीतून कापले जात असतील तर पानांची विभागणी बघा. ह्यूगो एका पानावर १० लेख ठेवतो. अर्काइव्हच्या पानावर विभागणीची यादी न वापरता सगळ्या लेखांची वापरा.

आणि "पान सापडलं नाही" फक्त सर्व्हरवर येत असेल, घरी विंडोजवर नाही, तर फोल्डरच्या नावातलं एखादं इंग्रजी अक्षर कुठे मोठं आणि कुठे लहान आहे का बघा. विंडोज तो फरक मानत नाही, लिनक्स मानतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

जुनी साइट दुसरीकडून आणलेली असेल, शेकडो फाइली असतील आणि तारखा तीन-चार तऱ्हांनी लिहिलेल्या असतील, तर हाताने सुरू करू नका. यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि ती आधी प्रतीवर चालवून बघणारा माणूस लागतो. कोणती ०३/०४ एप्रिलची आणि कोणती मार्चची, हे मात्र त्याला संस्थेतल्या माणसालाच सांगावं लागेल. त्यासाठी जुनी हजेरीपुस्तकं, पत्रिका, छापील अंक काढून ठेवा.

गिटचा इतिहास उलटवल्यामुळे लेखच गेले असतील तर लगेच थांबा. पुढचा प्रत्येक पुश (बदल गिटहबवर चढवणं) परत मिळवायचं काम अवघड करतो. डोमेन किंवा डीएनएसला (साइटचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदींना) हात लावावा लागेल असं कोणी सांगितलं तरी थांबा, कारण तिथल्या एका चुकीने अर्काइव्हच काय, पूर्ण साइट आणि संस्थेचा ईमेलही बंद पडू शकतो. आणि मी सांगितलेल्या क्रमाने दोन तास गेले, तरी लक्षण तसंच असेल, तर तिसरा तास घालवू नका.

जाणकाराकडे जाताना सुरुवातीला लिहिलेला लक्षणांचा कागद, न बदललेली प्रत, शेवटच्या बिल्डची पूर्ण नोंद आणि चुकणाऱ्या एका लेखाचं नाव द्या. त्या लेखाची तारीख काय दिसते आणि काय दिसायला हवी, हेही लिहा. तुम्ही कायकाय बदलून पाहिलं ते न लपवता सांगा. वाचनालयाच्या काकांनी मागच्या वेळी एवढं सगळं एका पाकिटात घालून दिलं होतं, आणि मला वीस मिनिटं लागली.